पुण्यात विज्ञान संवादाचं काम सुरू करताना

एम.एस्सी. झालेली मुलं, पीएच.डी.च्या मध्यावर अडकलेली मंडळी आणि निवृत्तीला आलेले शिक्षक अधूनमधून एकच प्रश्न घेऊन येतात: “विज्ञानावर लिहायचं-बोलायचंय, सुरुवात कुठून करू?” दर वेळी चहावर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढते. पुण्यात राहून, मुख्यतः मराठीतून हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी हे आहे. घरभाडं यातूनच भागवायचं असेल तर आधी थेट नववी पायरी वाचा आणि मग वर या.

१. काम कसलं आहे ते आधी बघा

बाहेरून दिसतं ते व्याख्यान, व्हिडिओ, नाहीतर रविवारच्या पुरवणीतला लेख. प्रत्यक्षात सकाळ जाते शोधनिबंध वाचण्यात आणि न कळलेलं वहीत उतरवण्यात. दुपारी फोनाफोनी, किंवा एखाद्या संस्थेच्या फाटकावर ओळखपत्र दाखवून नोंदवहीत सही करून आत जाणं. संध्याकाळी लिहिणं आणि लिहिलेलं खोडणं. रात्री कुठल्या तरी मुख्याध्यापकांना मेसेज: “सर, परवाच्या हॉलमध्ये प्लग पॉइंट चालू आहे ना?”

आपल्याला छान बोलता येतं म्हणून या कामात आलेले बहुतेक जण इथेच हिरमुसतात. बोलण्याचा भाग थोडा आहे, विचारण्याचा फार मोठा. “हे कशावरून कळलं?” हा प्रश्न शास्त्रज्ञाला विचारायचा, मुलांना विचारायचा आणि रात्री स्वतःच्या मजकुरालाही विचारायचा. तो विचारायचा कंटाळा येत असेल तर निवेदनाचं क्षेत्र चांगलं आहे, तिकडे जा.

ढोबळमानाने वाटा चार: संस्थेच्या आउटरीच विभागात नोकरी, वर्तमानपत्रं-मासिकांसाठी लेखन, शाळांमधल्या कार्यशाळा, आणि व्हिडिओ-पॉडकास्ट. पहिलीत पगार आहे, पण जागा मोजक्या आणि बऱ्याचदा प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या. बाकी तिन्हींत मोकळीक आहे आणि पगार नाही. बहुतेक जण दोन-तीन वाटांवर एकदम चालतात, मीही त्यातलीच.

२. शहर पायाखाली घाला

या कामासाठी पुण्याइतकं सोयीचं गाव मिळणं अवघड. पाषाणला होमी भाभा रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०), उष्णदेशीय हवामानाची आयआयटीएम (१९६२) आणि विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची आयसर (२००६) एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. विद्यापीठाच्या आवारात डॉ. जयंत नारळीकर संस्थापक संचालक असलेली खगोलशास्त्राची आयुका (१९८८), रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए आणि पेशीविज्ञानाचं एनसीसीएस. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था, शिवाजीनगरला हवामान खातं. विद्यापीठ चौकातली कोंडी धरून वेळ काढा, भेटीला उशीर झाला की पहिली छाप गेलीच.

सुरुवातीचे काही महिने नुसते श्रोते व्हा. शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान ठेवण्याची आयुकाची जुनी प्रथा आहे. चालू वर्षाचं वेळापत्रक तपासून जा. आयुकाच्याच आवारात पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून झालेली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी करण्याचं काम तिथे वर्षानुवर्षं केलं. त्यांच्या संकेतस्थळावर ती खेळणी कृतीसह फुकट ठेवलेली आहेत, मराठीतूनही. आकाशाची आवड असेल तर ज्योतिर्विद्या परिसंस्था गाठा. १९४४ पासून चालू असलेली ही हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. पायाभूत वर्ग करा आणि मग स्वयंसेवक म्हणून नाव द्या. व्याख्यानाला बसलात तर वक्त्यापेक्षा श्रोत्यांकडे जास्त बघा. मुलं कुठल्या वाक्याला चुळबुळायला लागली, कुठे एकदम हात वर गेले, हे लिहून ठेवा.

आणि एकदा तरी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला जा. नारायणगावजवळ, पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या: १४ मध्यभागी दाटीनं, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. जवळ गेल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं की तबकडी आरपार दिसते. ती पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची आहे. ही दुर्बीण टिपते त्या रेडिओ लहरींची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून दोन-तीन मीटरपर्यंत, आणि जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरीच्या दृष्टीनं ती जाळी म्हणजे अखंड आरसाच. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. त्या दिवशी जुन्नर तालुक्यातल्या गावागावांतून माणसं येतात. पागोटं घातलेले एखादे आजोबा “याच्यातून चंद्र दिसतो का?” असं विचारतात आणि समोरचा संशोधक विद्यार्थी क्षणभर गडबडतो. त्या दोघांच्या शेजारी उभं राहून पुढचं सगळं संभाषण ऐका. कुठल्याही अभ्यासक्रमात हे शिकायला मिळत नाही.

३. एक विषय धरा

“विज्ञान” हा विषय नाही. कीटक, खडक, हवामान, लस, तारे, बॅटऱ्या, काहीही घ्या, पण निदान एक वर्ष एकच घ्या. संपादक आणि शाळा माणसाला विषयानं ओळखतात. पावसाबद्दल काही हवं असलं की तुमचं नाव आठवलं पाहिजे.

४. शास्त्रज्ञाला भेटण्याची तयारी

“सर, तुमच्या संशोधनाबद्दल सोप्या भाषेत सांगाल का?” अशा ईमेलला बहुधा उत्तर येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. शोधनिबंध आधी वाचा. पूर्ण कळणार नाही. सारांश, प्रस्तावना, आकृत्या आणि शेवटची चर्चा एवढं तरी वाचा आणि मग नेमकं लिहा: “आकृती तीनमधली तुटक रेघ २०१५ नंतर वर का जाते?” अशा एका ओळीला त्याच संध्याकाळी उत्तर आलेलं मी पाहिलं आहे.

भेटीत विचारायचे माझे ठरलेले प्रश्न:

– हे कशावरून कळलं? म्हणजे यंत्र कुठलं, नमुने किती, किती काळ?
– हे खोटं ठरायचं असेल तर काय दिसावं लागेल?
– तुमच्याशी कोण सहमत नाही, आणि का?
– यातलं काय अजून नक्की नाही?
– वर्तमानपत्रात याबद्दल कुठलं वाक्य छापून आलं तर तुम्हाला राग येईल?

शेवटच्या प्रश्नावर माणूस खुलतो. बराचसा लेख तिथेच मिळतो.

पुण्यातल्या संस्थांत देशभरचे लोक असतात, त्यामुळे मुलाखत हिंदी-इंग्रजीत होते आणि लेख मराठीत. अवतरणचिन्हात घातलेली वाक्यं त्यांना त्यांच्या भाषेत परत सांगून होकार घ्या. संपूर्ण लेख मंजुरीसाठी पाठवायचा की नाही हे भेटीआधीच ठरवा. मी तथ्यं आणि अवतरणं पाठवते, बाकी लेख माझा.

इथले सापळे: उंदरावर झालेला प्रयोग लेखात माणसावर जातो. अजून तज्ज्ञांनी न तपासलेला मसुदा “संशोधनातून सिद्ध” होतो. ठरावीक वेळेपर्यंत छापायची मनाई असलेली बातमी आधी छापली जाते, आणि त्यानंतर त्या संस्थेचं दार तुम्हाला उघडत नाही.

५. मजकूर

पहिला मसुदा विज्ञान न शिकलेल्या एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. तो जिथे “हं, हं” करायला लागतो तिथे त्याला काही कळत नसतं. पारिभाषिक शब्दासाठी शासनाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही बघा, पण वाचक जो शब्द रोज वापरतो तो आधी. आकडे कमी वापरा. जो वापराल त्याच्या शेजारी मोजमाप कळेल असं काहीतरी ठेवा. छायाचित्र उचलण्याआधी वापराच्या अटी वाचा. नासाची बहुतेक छायाचित्रं श्रेय देऊन वापरता येतात. गूगलवर दिसलेलं प्रत्येक नाही.

६. शाळेत जाताना

खरी मजा इथे आहे आणि खरे घोटाळेही.

मेणबत्तीचा प्रयोग तुम्हाला माहीत असेल. ताटात रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. मग सांगितलं जातं: “ऑक्सिजन संपला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं.” पिढ्यान्‌पिढ्या असंच सांगितलं जातंय, आणि ते चुकीचं आहे. पुढच्या वेळी मुलांना एवढंच विचारा: पाणी कधी चढलं, ज्योत विझायच्या आधी की नंतर? पुन्हा करून बघा. ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हलतं. विझली की भराभर चढतं. ऑक्सिजन वापरला गेल्यामुळे ते चढत असतं, तर जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफही तयार होतात. पेला उपडा घालताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी कडेनं बुडबुड्यांतून बाहेरही जाते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त चढतं. हवेतला ऑक्सिजन तेवढाच असताना असं का, हे आठवीच्या वर्गाला विचारलं की तास कसा संपला कळत नाही.

दुसरा प्रयोग व्हिनेगर-सोड्याच्या ज्वालामुखीचा. फेस छान येतो, टाळ्याही मिळतात, पण ज्वालामुखीशी त्याचा काही संबंध नाही. पुण्यात तर ही चैन मुळीच परवडणारी नाही, कारण अख्खं शहर खऱ्या लाव्ह्यावर बसलंय. वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत उभ्या कापलेल्या भिंतीत लाव्ह्याचे थर दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा हा बेसॉल्ट शंकूच्या आकाराच्या डोंगरातून उडालेला नाही, जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वाहून आलेला आहे. बांधकामाच्या खडीतून भोकं असलेला एखादा दगड उचला. ती भोकं म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. हा दगड वर्गात हातोहात फिरवा. टेकडीवरून दगड फोडून आणू नका, ती वनखात्याची जागा आहे.

तिसरा शून्य सावलीचा, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते त्या क्षणाचा. “दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो” हे शिक्षकसुद्धा बिनदिक्कत सांगतात. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच, १३ मेच्या आणि ३० जुलैच्या आसपास. तेही बाराला नाही: मेमध्ये साधारण १२ वाजून ३१ मिनिटांनी आणि जुलैअखेर १२ वाजून ४१ मिनिटांनी. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आणि पुणे आहे ७४ अंशांच्या थोडं अलीकडे, म्हणून हा उशीर. १३ मेला बाराच्या ठोक्याला मीटरभर काठीची सावली अजून तेरा सेंटिमीटर असते. तेवढी बघून “काही शून्य-बिन्य होत नाही” म्हणत माणसं घरात जातात. खरी पंचाईत पुढेच आहे: मेमध्ये शाळांना सुट्टी आणि जुलैअखेर ढग. म्हणून मेचा कार्यक्रम सोसायटीच्या गच्चीवर करा. पीव्हीसी पाइपचा तुकडा ओळंब्यानं सरळ उभा करून पांढऱ्या कागदावर दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खुणेनं दाखवायला एका मुलाला बसवा. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या तुम्हीच न्या. जूनमध्ये ढगांतून ऊन सापडलं तर तोच पाइप पुन्हा लावा: या दिवसांत पुण्यात दुपारची सावली दक्षिणेला पडते. ज्यांनी भूगोलात सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला ऐकलाय, त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

सामानाची पिशवी: एक्स्टेन्शन बोर्ड, चिकटपट्टी, कात्री, फुगे, स्ट्रॉ, लोहचुंबक, मेणबत्त्या, काचेचे दोन पेले, ओळंबा, प्रथमोपचाराची डबी. प्लास्टिक आणि हार्डवेअर बोहरी आळीत, तारा-मोटर-एलईडी तपकीर गल्लीत. भिंगं आणि जुनी उपकरणं बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळतात, पण घासाघीस येत नसेल तर सोबत कुणाला तरी घ्या.

वर्गात आम्लं, स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या नकोत. सूर्यग्रहण किंवा सौरडाग दाखवताना प्रमाणित सौर फिल्टरच. एक्स-रे फिल्म, काळी काच, पाण्यातलं प्रतिबिंब यांतलं काहीही चालत नाही. दुर्बिणीपाशी मुलांना क्षणभरही एकटं सोडू नका.

७. अफवांच्या दिवसांत

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, किरकिटवाडी-नांदेड-धायरीकडे जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यांचे फोन वाजत होते. चिकन खावं का, पनीर खावं का, शेजाऱ्याला झालाय तर घर सोडावं का. अशा वेळी मी वहीच्या पानाचे तीन भाग करते: नक्की माहीत आहे, अजून माहीत नाही, आज काय करायचं. पहिल्या भागात त्या वेळी असं होतं: जीबीएस माणसाकडून माणसाला होत नाही; एखाद्या संसर्गानंतर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर हल्ला करते; काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आहे. तिसऱ्यात: पाणी उकळून प्या, चिकन पूर्ण शिजवा, हातापायांत अचानक अशक्तपणा आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधला भाग रिकामा नव्हता, आणि तोही लोकांना वाचून दाखवायचा. फॉरवर्ड आलेला मेसेज खोडण्यासाठी तोच पुन्हा पसरवू नका. खरी माहिती आधी, दोन ओळींत, तारीख घालून.

आकाशावर बोलायला उभे राहिलात की पत्रिकेचा प्रश्न येणारच. टिंगल केलीत तर सभागृह हातचं जातं. नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केलेली चाचणी सांगा: हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या मिळून २०० पत्रिका. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून कुठली कुठल्या गटातली ते सांगितलं. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. एवढं सांगून थांबा, आणि त्यांनाच विचारा की चाचणी याहून चांगली कशी करता आली असती.

८. वर्षाची आखणी

शाळा जूनमध्ये सुरू होतात. जुलैत मुख्याध्यापकांना भेटा, त्याआधी त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. पावसाळ्याचे चार महिने आकाश विसरा. वाचन, लेखन आणि साहित्य तयार करणं तेव्हाच. विज्ञान दिनाचे प्रस्ताव नोव्हेंबरात पाठवा. फेब्रुवारीत सगळ्यांनाच एकाच तारखेला वक्ता हवा असतो आणि मार्चमध्ये परीक्षांमुळे कुणालाच नको असतो. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. शहराच्या उजेडापासून दूर जायचं, तर बस, जागामालकाची परवानगी आणि पालकांची संमती हे महिनाभर आधी.

९. कागदपत्रं आणि पैसे

फाइलमध्ये कायम ठेवा: आधार आणि पॅनच्या प्रती, रद्द केलेला धनादेश, एक पानाचा परिचय, दोन प्रकाशित लेख, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला (मुलांसोबतच्या कामासाठी शाळा हल्ली मागतात आणि मागायलाच हवा), मुलांचे फोटो वापरण्यासाठी पालकांच्या संमतीपत्राचा नमुना, आणि बिलाचा साचा.

मानधनाची गोष्ट पहिल्याच फोनवर काढा. पुण्यात विज्ञानाच्या व्याख्यात्याला शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल मिळतं. ते आनंदानं घ्या, पण प्रवासखर्च आणि साहित्याचा खर्च वेगळा असेल हे आधी ईमेलवर लेखी घ्या. फुकट कार्यक्रम करायचा तर तो कुठल्या शाळेत हे तुम्ही ठरवा: जिल्हा परिषदेच्या, वाडी-वस्तीवरच्या. वातानुकूलित सभागृह असलेल्या शाळेला पूर्ण दर सांगा. व्यावसायिक सेवेच्या मानधनातून संस्था बऱ्याचदा दहा टक्के टीडीएस कापतात. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, म्हणून विवरणपत्र दर वर्षी भरा. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तिची काळजी तूर्त नको.

बिल कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी पाठवा, त्यावर कार्यक्रमाची तारीख आणि ज्यांनी बोलावलं त्यांचं नाव घाला. महिना झाला तरी पैसे आले नाहीत तर बोलावणाऱ्या शिक्षकांना फोन करून उपयोग नसतो, ते बिचारे कानकोंडे होतात. थेट लेखा विभागात फोन करा, बिल कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा आणि त्या व्यक्तीचं नाव वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीही तीच व्यक्ती असते.